भोसरी ते न्हावा शेवा : निर्यातीचा कंटेनर पाठवताना कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

माल तयार झाला, पेट्या ठोकून झाल्या आणि मग कागदांना हात घातला, हा क्रम भोसरी, चाकण, रांजणगाव परिसरातील लहान कारखान्यांत इतका अंगवळणी पडला आहे की, कंटेनरची बोट हुकली तर दोष गाडीवाल्याला, एजंटला किंवा घाटातल्या कोंडीला दिला जातो. गेली अनेक वर्षे या भागातील कारखान्यांच्या निर्यातीचे कागद माझ्या हातून जात आहेत. घाटात हुकलेल्या बोटी मी फार थोड्या पाहिल्या. बहुतेक बोटी आठ-पंधरा दिवस आधी, कारखान्याच्या ऑफिसातच हुकलेल्या होत्या.

पुढील विवेचनासाठी एकच उदाहरण धरले आहे : भोसरीतील कारखाना मशीनिंग केलेले लोखंडी फ्लँज, म्हणजे पाइप जोडायच्या चकत्या, वीस फुटी कंटेनरमध्ये भरून न्हावा शेवा बंदरातून जर्मनीतील हॅम्बुर्गला पाठवतो. खाद्यपदार्थ, औषधे किंवा रसायने असतील तर दाखले वाढतील, पण कामांचा क्रम हाच राहील.

टप्पा १ : ऑर्डर येण्यापूर्वीच्या नोंदण्या

आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये शुल्क भरून मिळतो आणि त्याचा क्रमांक आपल्या पॅनचाच असतो. तो एकदा काढला की संपले, असे समजणारे पुष्कळ आहेत. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती, काही बदल नसला तरी, संकेतस्थळावर जाऊन कायम करावी लागते; तसे न केल्यास कोड निष्क्रिय होतो आणि ही गोष्ट नेमकी शिपिंग बिल, म्हणजे सीमाशुल्क विभागाला द्यायचे निर्यातीचे घोषणापत्र, भरताना उघडकीस येते.

दुसरी नोंदणी एडी कोडची, म्हणजे परकीय चलनाचे अधिकृत व्यवहार करणाऱ्या बँकशाखेच्या क्रमांकाची. परकीय चलनाचे व्यवहार ज्या शाखेतून होणार, तिच्याकडून ठरावीक नमुन्यातील पत्र घेऊन तो कोड आइसगेट या सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर नोंदवावा लागतो. बँकेकडून पत्र येण्यात आणि नोंद मंजूर होण्यात दिवस जातात, म्हणून हे काम माल भट्टीत असतानाच उरकावे. ड्रॉबॅक, म्हणजे निर्यात मालावरील सीमाशुल्काचा परतावा, आणि जीएसटीच्या परताव्याची रक्कम ज्या खात्यात जमा व्हायची, त्या खात्याची नोंदही तेथेच स्वतंत्रपणे तपासून घ्यावी.

तिसरी बाब जीएसटीची. कर न भरता निर्यात करायची असेल तर आरएफडी-११ या नमुन्यात हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरावे लागते. त्याची मुदत आर्थिक वर्षापुरती असते. मार्चअखेरीस बनवलेला आणि एप्रिलमध्ये रवाना होणारा माल या एका गोष्टीमुळे सर्वाधिक अडखळतो. अभियांत्रिकी मालासाठी ईईपीसी इंडिया या निर्यात परिषदेचे सदस्यत्व प्रमाणपत्रही याच सुमारास घेऊन ठेवावे.

तपासणी : आयईसी, जीएसटी नोंदणी, पॅन आणि बँक खाते या चारही ठिकाणी संस्थेचे नाव अक्षरशः एकसारखे आहे का? ‘प्रायव्हेट लिमिटेड’ एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी संक्षिप्त असेल, तर आताच दुरुस्त करून घ्यावे.

टप्पा २ : सौद्याची अट आणि तिचा खरा अर्थ

भाव देताना ‘एफओबी न्हावा शेवा’ किंवा ‘सीआयएफ हॅम्बुर्ग’ असे लिहिण्याची पद्धत आहे; त्याखालची जबाबदारी मात्र अनेकांना भाव मान्य झाल्यावर कळते. एफओबी म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंतचा खर्च आणि धोका विकणाऱ्याचा. भोसरी ते बंदर वाहतूक, सीमाशुल्काचे काम, बंदरावरील हाताळणी खर्च, हे सारे त्यात येते. आणि घाटात ट्रेलर कलंडला, तर नुकसानही आपलेच. ग्राहकाने विमा काढला आहे असे समजून कारखानदार निर्धास्त राहतो, पण ग्राहकाचा विमा माल बोटीवर चढल्यानंतरचा असू शकतो. त्यामुळे एफओबी असले तरी कारखाना ते बंदर या पट्ट्याचा विमा स्वतः काढावा.

कंटेनरमधील माल आपण प्रत्यक्षात टर्मिनलच्या दारात सोपवतो, बोटीच्या कठड्याशी नाही. म्हणूनच इन्कोटर्म्स २०२० या सौद्याच्या अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत कंटेनरसाठी एफसीए, म्हणजे ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या ताब्यात माल देण्याची, अट अधिक योग्य मानली आहे. ग्राहक तयार असेल तर तीच घ्यावी. सीआयएफ, म्हणजे हॅम्बुर्गपर्यंतचे भाडे आणि विमा विकणाऱ्याने भरायची अट, असेल तर विमा बीजकाच्या ११० टक्के रकमेचा काढावा. या अटीत विकणाऱ्यावर किमान संरक्षणाचेच बंधन असते, आणि लोखंडी मालाला ते पुरत नाही. म्हणून ‘सर्व जोखीम’ प्रकारातील ‘ए’ कलमांचा विमा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे ठरलेले कागद दिल्यावर पैसे देण्याच्या ग्राहकाच्या बँकेच्या हमीवर, मिळणार असतील, तर ते हाती पडताच सावकाश वाचावे. मालाचे वर्णन, शेवटची शिपमेंट तारीख, कागद सादर करण्याची मुदत आणि मागितलेल्या कागदांची यादी या चार गोष्टींवर पेन्सिलीने खूण करावी. जी अट पाळणे शक्य नाही, ती बदलून घेण्याची वेळ तीच असते. माल बोटीवर चढल्यावर ग्राहकाला दुरुस्तीची घाई उरत नाही.

टप्पा ३ : एचएस कोड आणि पॅकिंग

मालाचा आठ अंकी एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाच्या वर्गाचा क्रमांक, ठरवताना ‘शेजारच्या कारखान्याने वापरला’ हा आधार पुरेसा नाही. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, म्हणून ते ग्राहकाला कळवून त्याच्या आयातीच्या कोडशी जुळतात का, हे लेखी विचारावे. ओतीव फ्लँज आणि फोर्जिंग केलेला फ्लँज यांचे कोड वेगळे पडू शकतात. ड्रॉबॅक आणि रोडटेप, म्हणजे निर्यात मालावरील इतर करांच्या परताव्याची योजना, यांचे दर याच कोडवर ठरतात.

पॅकिंगमध्ये पहिला प्रश्न लाकडाचा. परदेशी जाणाऱ्या मालाखालचे पॅलेट आणि पेट्यांचे लाकूड आयएसपीएम १५ या नियमाप्रमाणे प्रक्रिया केलेले असले पाहिजे, म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे गेलेले असावे किंवा मान्यताप्राप्त धुरी दिलेली असावी. त्याची खूण म्हणजे गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाचा कोड, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि प्रक्रियेची अक्षरे असलेला ठसा. प्लायवूडला हा नियम लागू नाही, पण प्लायवूडच्या पेटीखाली ठोकलेल्या देवदारच्या पट्ट्यांना लागू आहे, आणि तेथेच लोक फसतात. एकदा मी पॅकिंग पाहायला गेलो तेव्हा पॅलेटवर ठसे व्यवस्थित होते, पण पॅलेट हलू नयेत म्हणून मधे घालायला आणलेले ठोकळे कारखान्यामागच्या जुन्या पेट्यांतून काढलेले होते. कंटेनरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक लाकडी तुकड्याला ठसा लागतो, ठोकळ्यालाही लागतो.

दुसरा प्रश्न गंजाचा. पुण्याच्या कोरड्या हवेत चकचकीत दिसणारा भाग बंदरावरील दमट हवेत काही दिवस आणि मग समुद्रात काही आठवडे राहणार असतो. दिवसा कंटेनर तापतो, रात्री थंड होतो आणि छतावर जमलेले पाण्याचे थेंब मालावर पडतात. म्हणून मशीनिंग केलेल्या पृष्ठभागाला गंजरोधक तेल, त्यावर व्हीसीआय, म्हणजे गंजरोधक वाफ सोडणारा, कागद किंवा पिशवी, आणि कंटेनरमध्ये टांगायच्या ओलावा शोषणाऱ्या पिशव्या, असे तिन्ही थर असावेत. तेल लावण्यापूर्वी भाग पूर्ण कोरडा असावा आणि त्यानंतर उघड्या हाताने धरू नये. बोटांच्या घामाचा ठसा हॅम्बुर्गमध्ये तांबूस होऊन निघतो. ओलसर पॅलेटवर व्हीसीआय पिशवी ठेवली तर लाकडातली ओल आतल्या बाजूस येते, म्हणून पावसाळ्यात पॅलेट उघड्यावर रचून ठेवू नयेत.

सावधान : प्रत्येक पेटीवर किमान दोन बाजूंनी खुणा असाव्यात : ग्राहकाचे नाव किंवा संक्षेप, ऑर्डर क्रमांक, ‘१/१०’ असा पेटी क्रमांक, निव्वळ आणि एकूण वजन, बंदराचे नाव. पावसात पसरणारी मार्करची शाई वापरू नये.

टप्पा ४ : पॅकिंग लिस्ट, जिच्यावर बाकी सारे उभे असते

या टप्प्यावर मी मुद्दाम अधिक थांबतो. बीजक, शिपिंग बिल, वजनाची घोषणा, बिल ऑफ लेडिंग म्हणजे बोट कंपनीची मालाची पावती, विम्याचा कागद, उत्पत्तीचा दाखला या सर्वांत नगांची संख्या, निव्वळ वजन, एकूण वजन आणि खुणा येतात, आणि या सर्वांचे मूळ एकच असते : पॅकिंग लिस्ट. ती अंदाजाने बनवली, तर तो अंदाज सहा कागदांत शिरतो आणि नंतर सहा ठिकाणी दुरुस्त करावा लागतो.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एका कारखान्याच्या ४० पेट्यांची यादी आदल्या दिवशी आली, ती मी तशीच पुढे पाठवली आणि सर्व कागद तिच्यावरून तयार झाले. कंटेनर भरताना एका पेटीत थोडेच नग उरले, म्हणून सुपरवायझरने ते शेजारच्या पेटीत सामावून घेतले आणि रिकामी पेटी बाजूला ठेवली. माल पूर्ण होता, वजनही जवळपास तेच होते, पण पेट्या ३९ झाल्या होत्या आणि ही गोष्ट कोणी ऑफिसला कळवली नाही. बिल ऑफ लेडिंगवर ४० पेट्या आल्या. ग्राहकाने एक पेटी गहाळ झाल्याची तक्रार केली, आणि माल पूर्ण असल्याचे सिद्ध करण्यात आमचे तीन आठवडे गेले. तेव्हापासून माझा नियम असा आहे की, पेट्या बंद होऊन, पट्ट्या आवळून, एकेक पेटी काट्यावर चढल्याशिवाय पॅकिंग लिस्टला अंतिम म्हणायचे नाही, आणि अंतिम म्हटल्यावर कोणतीही पेटी उघडायची नाही. उघडावी लागलीच, तर सर्व कागद थांबवायचे.

आपल्या उदाहरणात १० पॅलेट आहेत, प्रत्येकाचे एकूण वजन १,३८० किलो, म्हणजे १३,८०० किलो. हे वजन कारखान्याच्या काट्यावर प्रत्यक्ष घ्यावे. एका फ्लँजचे वजन गुणिले नग अधिक पेटीचे अंदाजे वजन, असा हिशेब करू नये. १.२ मीटर बाय १ मीटरचे १० पॅलेट वीस फुटी कंटेनरच्या जमिनीवर एका थरात बसतात. अकराव्या पॅलेटचा आग्रह धरला तर एकावर एक रचावे लागतील, आणि खालच्या पेट्या तेवढा भार सोसतात का, हे आधीच ठरवावे लागेल.

तपासणी : सुपरवायझर, वजन घेणारा आणि कागद करणारा, या तिघांनी एकाच छापील पॅकिंग लिस्टवर सही करावी. बोलाचालीतल्या ‘हो, झालंय सगळं’वर विसंबू नये.

टप्पा ५ : बुकिंग आणि तारखांची उलटी मोजणी

फॉरवर्डरकडून, म्हणजे बोटीवर जागा मिळवून देणाऱ्या एजंटकडून, भाव घेताना केवळ भाडे विचारू नये. बोट थेट जाते की वाटेत कंटेनर दुसऱ्या बोटीवर चढतो, रिकामा कंटेनर कोठून मिळणार, किती दिवस विनाशुल्क वापरता येणार आणि बंदरावरचे सर्व खर्च भाड्यात धरले आहेत का, हे लेखी घ्यावे.

माल कमी असेल आणि एलसीएल, म्हणजे इतरांच्या मालासोबत एका कंटेनरमध्ये पाठवायचा असेल, तर भाडे घनमीटर किंवा मेट्रिक टन यांपैकी जे अधिक, त्यावर लागते. तीन पेट्यांचे आकारमान २.८८ घनमीटर आणि वजन ३,४५० किलो असेल, तर भाडे ३.४५ वर मोजले जाईल. लोखंडी मालाचे असे नेहमी होते. एलसीएलचा माल बंदराजवळच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरण्याच्या गोदामात, उतरवावा लागतो, तेथे हाताळणी वाढते, म्हणून पेट्या अधिक मजबूत हव्यात.

आता तारखा. बोटीची सुटण्याची तारीख आपल्या कामाची नाही. आपली तारीख म्हणजे कट-ऑफ, आणि कट-ऑफ एक नसून तीन-चार असतात. शिपिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे बिल ऑफ लेडिंगसाठीची माहिती, देण्याची वेळ वेगळी, प्रमाणित वजन कळवण्याची वेगळी, टर्मिनलचे गेट बंद होण्याची वेगळी. युरोपला जाणाऱ्या कंटेनरची माहिती बोटीवर चढवण्यापूर्वी २४ तास आधी तिकडच्या सीमाशुल्क विभागाला पोहोचवावी लागते, म्हणून लाइन, म्हणजे बोट कंपनी, कागद लवकर मागते. यात ग्राहकाचा ईओआरआय क्रमांक, म्हणजे युरोपीय सीमाशुल्क विभागाकडील नोंदणी क्रमांक, आणि सहा अंकी एचएस कोड लागतो. तो क्रमांक आधीच मागवून ठेवावा.

समजा, बोट रविवारी आहे, गेट शुक्रवारी रात्री बंद होते आणि कागदांची वेळ गुरुवारी संपते. मग कंटेनर बुधवारी भरला पाहिजे, मंगळवारी संध्याकाळी रिकामा कंटेनर उचलला गेला पाहिजे, सोमवारी पॅकिंग लिस्ट अंतिम झाली पाहिजे आणि त्याआधीच्या शनिवारी शेवटची पेटी बंद झाली पाहिजे. गुरुवार वाटेत आणि शुक्रवार हाताशी राखून ठेवावा. शुक्रवार मोकळा वाटतो म्हणून त्यात पॅकिंगचे काम ढकलण्याचा मोह सर्वांना होतो. तो दिवस घाटासाठी आणि कस्टम्सच्या शंकांसाठी राखलेला असतो.

सावधान : गेट उघडण्यापूर्वी पोहोचणेही चुकीचे आहे. टर्मिनल त्या बोटीचे कंटेनर ठरावीक दिवसापासूनच घेते, आणि त्याआधी गेलेली गाडी बाहेर उभी राहून खोळंब्याचे पैसे लावते.

टप्पा ६ : शिपिंग बिलाची चेकलिस्ट

सीमाशुल्काचे काम करून देणारा कस्टम ब्रोकर, म्हणजे ज्याला आपण अजूनही सीएचए म्हणतो, तो शिपिंग बिल दाखल करण्यापूर्वी एक चेकलिस्ट पाठवतो आणि ‘ओके’ कळवा म्हणतो. मालक कारखान्यात फिरत असतो, फोनवर पीडीएफ येते, पहिले पान पाहून ‘ओके’ जाते. पुढे परतावा अडकल्यावर जी चूक सापडते, ती जवळजवळ नेहमी याच चेकलिस्टच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या पानावर असते. म्हणून ती छापून घ्यावी आणि बीजक शेजारी ठेवून ओळीवर ओळ ताडून पाहावी.

सर्वांत आधी बीजक क्रमांक पाहावा. अनेक कारखाने निर्यातीसाठी एक आणि जीएसटीसाठी दुसरा क्रमांक वापरतात. शिपिंग बिलात एक क्रमांक आणि जीएसटीआर-१ या जीएसटीच्या विवरणपत्रात दुसरा गेला, तर ‘एसबी००५’ ही त्रुटी येऊन आयजीएसटीचा, म्हणजे निर्यातीवर भरलेल्या जीएसटीचा, परतावा थांबतो. दोन्हींसाठी एकच क्रमांक, एकच तारीख ठेवणे हा यावरचा सोपा उपाय. त्यानंतर एलयूटी की आयजीएसटी भरून, ड्रॉबॅकचा अनुक्रमांक, रोडटेपचा दावा ‘होय’ लिहिला आहे का, मोजमापाचे एकक किलो की नग, मालाचा उगम जिल्हा पुणे असा आहे का, एडी कोड, आणि एफओबी रक्कम काढताना बीजकाच्या रकमेतून भाडे व विमा योग्य तऱ्हेने वजा झाले आहेत का, हे पाहावे. रोडटेपचा दावा नंतर घालायचा म्हटले तर शिपिंग बिलात दुरुस्ती मागावी लागते, आणि ती मिळेलच असे नाही.

ज्या कारखान्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक आहे, त्यांनी निर्यातीच्या बीजकाचेही ई-इन्व्हॉइस काढणे आवश्यक आहे. माल रस्त्याने नेण्यासाठीच्या ई-वे बिलात ग्राहकाचे राज्य ‘अदर कंट्रीज’ आणि माल पोहोचवण्याचा पत्ता बंदराचा असावा. २०० किलोमीटरला एक दिवस, या हिशेबाने भोसरी ते न्हावा शेवा हे ई-वे बिल एकच दिवस चालते. गाडी वाटेत अडकली तर मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते, आणि गाडी बदलली तर नवा क्रमांक भाग ‘ब’ मध्ये घालावा लागतो.

ग्राहकाने उत्पत्तीचा दाखला मागितला असेल, तर पुण्यात मराठा चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्रीज अँड अॅग्रिकल्चर हा दाखला देते. अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि त्याला बीजक व पॅकिंग लिस्ट अंतिमच लागते.

टप्पा ७ : कंटेनर तपासणे, भरणे, सील करणे

कारखान्यातच कंटेनर भरून स्वतः सील करण्याची परवानगी सीमाशुल्क विभागाकडून आधी घेतलेली असावी, आणि आरएफआयडी ई-सील, म्हणजे यंत्राने वाचता येणारे सील, हाताशी असावे. सीलची माहिती पोर्टलवर भरताना शिपिंग बिलाचा क्रमांक मागितला जातो, म्हणून क्रम असा : कंटेनर क्रमांक कळला, शिपिंग बिल दाखल झाले, मग भरणे, मग सील, मग माहिती भरणे, आणि त्यानंतरच गाडी फाटकाबाहेर.

ट्रेलर आला की लगेच पॅलेट चढवू नयेत. मी स्वतः रिकाम्या कंटेनरच्या आत उभा राहतो आणि दोन्ही दारे बाहेरून लावायला सांगतो. डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर लागते. एकदा जुलैच्या सकाळी असा उभा असताना आधी काहीच दिसले नाही, मग छताच्या डाव्या कोपऱ्यात मोहरीएवढा उजेडाचा ठिपका दिसू लागला, आणि बाहेर भुरभुर सुरू असल्याने त्याच्याखालच्या पत्र्यावरून एक बारीक ओघळ सरकताना हाताला लागला. ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, एवढ्याशानं काय होतंय?” आम्ही तो कंटेनर परत पाठवला आणि अर्धा दिवस गमावला. हाताशी राखलेला शुक्रवार अशा वेळी उपयोगी पडतो.

उजेडाच्या परीक्षेखेरीज जमिनीवर खिळे, तेलाचे डाग किंवा वास, दारांचे रबर, दारांच्या बिजागऱ्या आणि सुरक्षा पट्टी पाहावी. कंटेनरचा क्रमांक चार अक्षरे आणि सात अंकांचा असतो. तो दारावर, बाजूला आणि बुकिंगच्या कागदावर एकच आहे याची खात्री करावी.

भरताना वजन लांबीभर पसरावे. एका अर्ध्या भागात एकूण वजनाच्या ६० टक्क्यांहून अधिक भार येऊ देऊ नये. पॅलेटच्या मधल्या फटी ठोकळ्यांनी किंवा हवेच्या पिशव्यांनी भराव्यात आणि दाराकडील ओळीला पट्ट्यांनी जखडावे. दार उघडताच पॅलेट बाहेर आदळल्याने तिकडचा कामगार जखमी होऊ शकतो. भरण्यापूर्वीचा रिकामा कंटेनर, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, एक दार बंद आणि सील लावल्यानंतर असे पाच फोटो काढावेत, आणि प्रत्येकात कंटेनरचा क्रमांक दिसावा.

प्रमाणित वजन, म्हणजे व्हीजीएम, १ जुलै २०१६ पासून सक्तीचे आहे. भरलेला कंटेनर काट्यावर तोलणे ही एक पद्धत, आणि माल, पॅकिंग, ठोकळे व कंटेनरचे स्वतःचे वजन यांची बेरीज ही दुसरी. आपल्या उदाहरणात १३,८०० किलो माल, ७० किलो ठोकळे-पट्ट्या आणि दारावर लिहिलेले कंटेनरचे वजन २,२३० किलो, म्हणजे १६,१०० किलो. कंटेनरचे वजन विसरून १३,८०० कळवणे, किंवा काट्यावरचे ट्रेलरसह वजन तसेच पाठवणे, या दोन चुका मी दर काही महिन्यांनी पाहतो.

टप्पा ८ : रस्ता आणि बंदराचे दार

भोसरीहून निघालेला ट्रेलर द्रुतगती मार्गाने किंवा जुन्या रस्त्याने बोरघाट उतरून पळस्पे, कळंबोलीकडून उरणच्या बाजूला वळतो. चाकण किंवा रांजणगावहून निघणाऱ्यांनी आधी चाकणच्या चौकातील कोंडीचा वेळ धरावा. गणेशोत्सव, दिवाळी आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत जड वाहनांवर वेळेचे निर्बंध येतात. बुकिंग करतानाच दिनदर्शिका पाहावी.

कारखान्यात सील केलेल्या कंटेनरांसाठी बंदराच्या मध्यवर्ती पार्किंग प्लाझात सीमाशुल्काची तपासणी होते आणि लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल देशाबाहेर जाऊ देण्याचा आदेश, मिळते. टर्मिनलमध्ये शिरण्यासाठी फॉर्म १३ लागतो. न्हावा शेव्याला एकाहून अधिक टर्मिनले आहेत आणि बोट कोणत्या टर्मिनलला लागणार हे शेवटच्या दिवसांतही बदलू शकते, म्हणून ट्रेलर निघण्यापूर्वी सीएचएकडून टर्मिनलचे नाव पुन्हा विचारून घ्यावे.

तपासणी : कंटेनर आत गेला, एवढ्यावर समाधान मानू नये. लेट एक्स्पोर्ट ऑर्डर झाली का, हे वेगळे विचारावे. ती नसेल तर कंटेनर आत असूनही बोटीवर चढत नाही.

टप्पा ९ : बिल ऑफ लेडिंगचा मसुदा

लाइनकडून मसुदा आला की तो पॅकिंग लिस्टवरून तपासावा, शिपिंग इन्स्ट्रक्शनवरून नाही. इन्स्ट्रक्शनमध्येच चूक असेल तर ती दोन्हीकडे सारखीच दिसते. पाठवणारा, घेणारा, सूचना द्यायचा पक्ष, बंदरांची नावे, कंटेनर व सील क्रमांक, नग, एकूण वजन आणि भाडे आधी की पोहोचल्यावर, हे पाहावे. लेटर ऑफ क्रेडिट असेल तर मालाचे वर्णन शब्दशः त्यातीलच असावे आणि बोटीवर चढल्याची तारीख शेवटच्या शिपमेंट तारखेनंतरची नसावी. वेगळी मुदत दिलेली नसेल तर यूसीपी ६०० या लेटर ऑफ क्रेडिटच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कागद शिपमेंटनंतर २१ दिवसांच्या आत, आणि लेटर ऑफ क्रेडिटची मुदत संपण्यापूर्वी, बँकेत सादर करावे लागतात.

सावधान : पैसे आलेले नसताना ग्राहकाच्या विनंतीवरून बिल ऑफ लेडिंग ‘सरेंडर’ करू नये. सरेंडर झाले की माल मूळ कागदाशिवाय सोडवता येतो, आणि मग आपल्या हाती केवळ पत्रव्यवहार उरतो.

टप्पा १० : बोट सुटल्यानंतर

येथून पुढची कामे लोक मागे टाकतात, कारण माल डोळ्यांआड झालेला असतो. कागद विलंब न लावता बँकेत द्यावेत. लाइनने निर्यात मॅनिफेस्ट, म्हणजे बोटीवरील मालाची यादी किंवा ईजीएम, भरले आहे का आणि त्यातील कंटेनर क्रमांक शिपिंग बिलाशी जुळतात का, हे आइसगेटवर आठवड्याभरात पाहावे. ईजीएममध्ये चूक असेल तर ड्रॉबॅक आणि परतावा दोन्ही थांबतात, आणि त्याची सूचना कोणी घरी आणून देत नाही.

जीएसटीआर-१ च्या तक्ता ६ए मध्ये शिपिंग बिलाचा क्रमांक, तारीख आणि बंदराचा कोड ‘आयएनएनएसए१’ भरावा. आयजीएसटी भरून निर्यात केली असेल तर शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज धरला जातो. एलयूटीवर केली असेल तर अडकलेल्या इनपुट क्रेडिटसाठी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या परताव्यासाठी, आरएफडी-०१ स्वतंत्रपणे भरावा लागतो आणि त्याला दोन वर्षांची मर्यादा आहे. एलयूटीवर निघालेला माल बीजकाच्या तारखेपासून तीन महिन्यांत देशाबाहेर गेला पाहिजे, म्हणून माल महिनाभर पडून राहणार असेल तर बीजक आधी काढून ठेवू नये.

पैसे आले की बँकेच्या संदेशावरून विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे मिळाल्याचा दाखला, स्वतः प्रमाणित करावे. बँकेने परदेशी शुल्क कापून कमी रक्कम जमा केली असेल, तर तो फरक त्याच वेळी बँकेला लेखी कळवून शिपिंग बिलाची नोंद बंद करून घ्यावी. नाही तर काही महिन्यांनी त्याच बिलाची रक्कम येणे बाकी असल्याचे पत्र येते. या शिपमेंटची फाइल करताना सही झालेली पॅकिंग लिस्ट सर्वांत वर लावावी, तिच्यामागे चेकलिस्टची छापील, खुणा केलेली प्रत, आणि तिच्यामागे कंटेनरचे पाच फोटो.